समोरच्या काठचा खंडू

आमच्या शाळेचं वसतिगृह डोंगराच्या पोटाला होतं आणि खाली मुळशी धरणाचं पाणी पसरलेलं होतं. व्हरांड्यात उभं राहिलं की पलीकडच्या काठावरची चार-दोन घरं दिसायची. त्यांतलं आंब्याला टेकल्यासारखं दिसणारं घर खंडू वाळंजचं. साऱ्या शाळेत स्वतःचं घर रोज दिसणारा तो एकटाच मुलगा. आम्हा बाकीच्यांना त्याचा हेवा वाटायचा. घर दिसतंय आणि जाता येत नाही, हे त्याला कसं वाटत असेल, याचा विचार करण्याएवढे आम्ही मोठे नव्हतो.

खंडूला मी पहिल्यांदा पाहिलं ते प्रवेश परीक्षेच्या दिवशी. साठ सालानंतरची गोष्ट. शाळेत जागा थोड्या आणि मुलं फार. पुण्याची, नगरची, साताऱ्याची मुलं वडिलांचं बोट धरून आली होती. मी खडकीहून आलो होतो. वडील तिथल्या कारखान्यात फिटर होते आणि मला घेऊन येण्यासाठी त्यांनी रजा काढली होती. सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे, पेन्सिलींना टोकं काढलेली. पायरीवर मात्र एक काळासावळा मुलगा बसला होता. त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला आणि शेजारी त्याची आई वाकून तो पायजमा त्याच्या अंगावरच पिळत होती. नावेतून उतरताना त्याचे पाय पाण्यात पडले होते.

मी बघतोय हे पाहून तो म्हणाला, "वाळंल आता. ऊन हाय."

लेखी परीक्षा झाल्यावर तोंडी होती. आत तीन मोठी माणसं बसलेली. दार लोटलेलं होतं, पण पुरतं बंद नव्हतं. खंडूचा नंबर माझ्याआधी होता, त्यामुळे त्याचं बोलणं मला ऐकू आलं.

"धरणाचा उपयोग काय?" कुणीतरी विचारलं.

"वीज हुती. मुंबईला जाती."

"आणि तुमच्या गावाला?"

"आमच्याकडं चिमणी हाय."

आत थोडं हसू झालं. "म्हणजे तुम्हाला धरणाचा काहीच उपयोग नाही म्हण की."

 खंडू म्हणाला, "हाय की. नाव चालती. मी आज तिच्यातनंच आलो."

या उत्तराला त्यांनी किती गुण दिले कोण जाणे. माझी निवड झाली, खंडूची झाली नाही. त्याचं नाव राखीव मुलांत राहिलं, म्हणजे एखादी जागा रिकामी झाली तरच प्रवेश. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा माझ्या शेजारच्या खाटेवर साताऱ्याचा एक गोरटेला मुलगा होता. तो सारखा रडायचा. जेवताना रडायचा, कवायतीत रडायचा, एकदा तर प्रार्थनेच्या मधेच रडू लागला. महिनाभरातच त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले. आमचे रेक्टर दामलेसर यांनी नावाड्याबरोबर पलीकडे निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन खंडू दारात उभा राहिला.

त्याच्याजवळ एक गोणपाटाची पिशवी होती. तीत दोन शर्ट, एक तांब्या आणि फडक्यात बांधलेली राखुंडी. खाट त्याने चारी बाजूंनी नीट पाहिली आणि रात्री तिच्याखाली अंथरूण घातलं. सकाळी दामलेसर फेरीला आले तर खाट रिकामी आणि खालून दोन पाय बाहेर आलेले.

"वाळंज, खाट झोपायला दिलीय तुला."

"खालनं लई चांगली हाय, सर," खंडू बाहेर येत म्हणाला. "कौल फुटलं तरी पाऊस लागायचा न्हाई."

दामलेसर हसत नसत. उंच, शिडशिडीत, पांढरा शर्ट आणि पांढरी विजार घालणारा माणूस. तेच आम्हाला इंग्रजी शिकवायचे. शाळेत त्यांच्या चपलांचा आवाज आला की मुलं आपोआप ओळीत उभी राहायची. ते म्हणाले, "आठ दिवस खाली झोप. नंतर वर झोपायचं." आठ दिवसांनी खंडू वर झोपला आणि सकाळी मला म्हणाला, "इतकं काय न्हाई त्यात."

हे त्याचं आवडतं वाक्य. काट्याचमच्याच्या सरावाला, थंड पाण्याच्या आंघोळीला, भूमितीला, सगळ्याला तो हेच म्हणायचा. एका गोष्टीचं मात्र त्याला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं, ती म्हणजे घंटा. उठायची घंटा, जेवायची घंटा, झोपायची घंटा. "ह्या शाळंत घंटेला भूक लागली की आपन जेवायचं," असं तो म्हणायचा आणि जेवायला सगळ्यांच्या आधी पोचायचा.

त्याच्या बोलण्याला मुलं हसत. पुण्याच्या मुलांत तर त्याची नक्कल करण्याची चढाओढ लागे. कुणी "हाय" म्हणे, कुणी "न्हाई" म्हणे. खंडू रागावायचा नाही. नक्कल नीट जमली नाही तर तो दुरुस्त करून द्यायचा. "तसं न्हाई रं. न्हाऽऽई. नाकातनं काड जरा." एकदा मराठीच्या तासाला गुरुजींनी त्याला उभं केलं आणि "हाय नव्हे, आहे" असं चारचारदा म्हणून घेतलं. त्याने म्हटलं. मग विचारलं, "गुरुजी, हितं आहे म्हनतो. घरी हाय म्हनलं तर चालंल ना? न्हाईतर आयेला कळायचं न्हाई कोन आलंय." गुरुजींनी त्याला बसायला सांगितलं.

संध्याकाळी प्रार्थना झाली की जेवणाच्या घंटेपर्यंत थोडा मोकळा वेळ असायचा. घरची आठवण यायची ती नेमकी तेव्हा. धाकटी मुलं खांबाआड जाऊन डोळे पुसत. खंडू व्हरांड्याच्या कठड्यावर बसून पलीकडे बघायचा. पाणी काळं होत जायचं आणि आंब्याजवळून धुराची रेघ निघायची.

"आयेनं चूल पेटिवली," तो सांगायचा. "आता म्हशी येतील. ती बघ, फुडं चालली ती कपिली. लई द्वाड हाय."

एवढ्या लांबून म्हैस मुंगीएवढी दिसायची, तरी आम्ही सगळे कपिलीला शोधायचो. एके दिवशी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खंडूने ते पाहिलं, पण विचारलं भलतंच.

"तुज्या घरात चूल कुठल्या अंगाला हाय?"

"आमच्याकडे स्टोव्ह आहे," मी म्हणालो.

"तो कुठं ठिवत्यात?"

मी सांगितलं. मग स्टोव्हला पिन कोण मारतं, वडील किती वाजता येतात, सायकल घरात आणतात की बाहेर ठेवतात, बहीण कुठे बसून अभ्यास करते, असं त्याने एकेक विचारलं. मी सांगत गेलो. सांगता सांगता मला आमच्या घरातला कोनाडा दिसला, त्यातला वडिलांचा चष्मा दिसला, आणि घंटा झाली तेव्हा मी रडायचं विसरलो होतो. पुढे तो रोज एकाला धरून असंच विचारायचा. थोड्याच दिवसांत त्याला वर्गातल्या सगळ्यांची घरं आतून पाठ झाली. कुणी फारच खचला तर तो म्हणायचा, "वाट पायाखालची झाली की लांब लागत न्हाई. जरा चाल की."

त्याची आई बाजारच्या दिवशी नावेतून अलीकडे यायची आणि पौडच्या बाजाराला चालत जायची. रस्ता आमच्या मैदानाला लागूनच होता, मधे तारेचं कुंपण. वडील मुंबईत जेवणाचे डबे पोचवायचं काम करायचे, वर्षातून एकदोनदा गावी यायचे. घरी आई, थोरला भाऊ आणि धाकटी बहीण. आई उंचीने लहान, पण चालणं झपझप. डोक्यावर पाटी, पाटीत अंडी नाहीतर भाजी. कवायत संपून आम्ही मैदानातून परतत असू तेव्हा ती रस्त्याने येताना दिसायची. खंडू कुंपणाकडे पळायचा. ती रस्त्याने चालायची, हा आतून चालायचा आणि मैदान संपेपर्यंत दोघं बोलायची.

"जेवतोस का?"

"जेवतो."

"काय देत्यात?"

"चपाती. मऊ असती. भाकर न्हाई."

"दात पडतील तुजं."

मैदान संपलं की ती पुढे निघून जायची. मागे वळून बघत नसे. डोक्यावर पाटी असल्यावर वळता येत नाही, असं खंडू सांगायचा.

पालकांनी भेटायचा दिवस महिन्यातून एकच, तो रविवार. त्यामुळे दामलेसरांनी हा प्रकार पाहिला तेव्हा ते थेट कुंपणापाशी आले. 

"बाई, मुलाला भेटायचा दिवस ठरलेला आहे," ते म्हणाले.

"मी कुटं भेटतेय, मास्तर?" खंडूची आई चालता चालताच म्हणाली. "मी बाजाराला निगालेय. रस्ता सरकारचा हाय."

दामलेसर तिच्याबरोबर चार पावलं आतून चालले. त्यांनाही चालावंच लागलं. मग म्हणाले, "थांबायचं मात्र नाही."

"थांबतेय कशाला? ऊन व्हतंय मला."

पुढच्या आठवड्यात आमच्या वेळापत्रकात एक बदल झाला. बाजारच्या दिवशी कवायतीनंतर पाचवीच्या मुलांनी कुंपणालगतच्या वाफ्यांना पाणी घालायचं असं ठरलं. असं का ठरलं ते सरांनी सांगितलं नाही. खंडूची आई आता आम्हा सगळ्यांनाच विचारत जायची. "तुजा खोकला गेला का रं? आन् तू, चष्मेवाल्या, वाळलास लई." तिला आमची नावं माहीत नव्हती, खोकले माहीत होते.

खंडूचं खरं घोडं अडलं ते इंग्रजीत. आम्ही पुण्याची मुलं थोडंफार शिकून आलेलो, त्याची अक्षरांपासून सुरुवात. वर्गात वाचायला उभा राहिला की मागून खसखस पिकायची आणि या हसण्याचं मात्र त्याला वाईट वाटायचं. बोलीला हसलं तर चालायचं, कारण ती त्याला येत होती. सहामाहीत तो इंग्रजीत नापास झाला. वार्षिक परीक्षेत नापास होणाऱ्याला शाळेत ठेवत नसत, हे सर्वांना माहीत होतं.

एक दिवस दुपारी मी त्याला शोधत गोठ्याकडे गेलो. शाळेच्या दोन म्हशी होत्या. खंडू गव्हाणीवर बसून पुस्तक उघडून म्हशीला मोठ्याने वाचून दाखवत होता. "दिस इज माय अंकल्स हाऊस." म्हैस रवंथ करत होती. मी काही बोलायच्या आधीच माझ्यामागून दामलेसर आत आले.

"हे काय चाललंय, वाळंज?"

खंडू उभा राहिला. "वाचतोय, सर."

"म्हशीपुढे?"

"ती हसत न्हाई, सर."

सरांनी म्हशीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. गव्हाणीवरचा चारा हाताने बाजूला सारला आणि पांढऱ्या विजारीनिशी ते तिथे बसले. "मीही हसत नाही," ते म्हणाले. "पुन्हा वाच. हाऊस म्हणताना तोंड उघड." त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत तिथेच त्यांचा वर्ग भरू लागला. मला बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

गाडी रुळावर येते आहे असं वाटत असतानाच दिवाळीच्या सुट्टीनंतर एका बाजारच्या दिवशी त्याच्या आईने चालता चालता सांगितलं, की थोरला मारुती झाडावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. आंबेमोहोर भात कापायला आला होता. शिवारात सगळ्यांचीच कापणी एकदम आलेली, त्यामुळे माणूस मिळत नव्हता. सांगून ती गेली.  संध्याकाळी कठड्यावरून खंडू मला म्हणाला, "मी जातो घरी."

"सर सोडणार नाहीत," मी म्हणालो.

त्याने खरंच विचारलं. सर म्हणाले, "सत्र चालू असताना गेलास तर तुझी जागा राखीव यादीतल्या पुढच्या मुलाला द्यावी लागेल. नियम माझा नाही. पण तू काय ते ठरव, आणि आईला विचारून ठरव."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही झाऱ्या घेऊन वाफ्यांपाशी उभे होतो. आई आली. खंडू आतून चालू लागला आणि म्हणाला, "आये, मी येतो घरी. शाळा सोडतो."

ती थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच थांबली. डोक्यावरची पाटी उतरवून तिने रस्त्यावर ठेवली आणि तारेला दोन्ही हातांनी धरलं. वर व्हरांड्यात दामलेसर उभे होते. ते जागचे हलले नाहीत.

"येऊन काय करशील?" तिने विचारलं.

"भात कापीन."

"भात कापून व्हईल. आन् मंग?"

खंडू तारेवरचा गंज नखाने खरवडू लागला.

"मंग फुडच्या वर्षी बी भातच कापशील. मारुती कापतोय, मी कापतेय, तुजा बा मुंबईत लोकाच्या भाकरी डोक्यावर वाहतोय. आमच्यातला एक जन तरी हितं आत ऱ्हाऊ दे." तिने पदराने तोंड पुसलं. "उशीर व्हईल, पन भात घरात येईल. तू भाईर आलास तर पुन्यांदा आत कोन घेईल तुला?"

"तुज्यानं एकटीनं व्हनार न्हाई, आये."

"ते मी बगीन. मी तुला विचारलं का, इंग्रजी कसं करतोस म्हनून?"

एवढं बोलून तिने पाटी उचलली. ती जड होती, आणि कुंपण मधे असल्यामुळे खंडूला हात लावता येईना. तारेतून हात घालून त्याने खालून जमेल तेवढी रेटली. ती निघून गेली. खंडू वाफ्याकडे आला आणि माझ्या हातातली झारी घेऊन त्याने एकाच टोमॅटोच्या रोपाला सगळं पाणी घातलं.

शनिवारी प्रार्थनेनंतर दामलेसरांनी जाहीर केलं, की उद्या पाचवी आणि सहावीचं श्रमदान पलीकडच्या काठावर आहे, सर्वांनी जुने कपडे घालून यावं.

त्या रविवारची आठवण आली की अजून हसू येतं. नावेने दोन खेपा करून आम्हाला पलीकडे नेलं. आम्हाला वाटत होतं की आपण आता शेत फस्त करणार. अर्ध्या तासात दोघांनी बोटं कापून घेतली, एकाला पायावर विंचू चढल्याचा भास झाला आणि नगरच्या एका मुलाने कापलेल्या पेंढ्या शेजाऱ्याच्या खाचरात नेऊन रचल्या. दामलेसरांनीही विळा घेतला होता. ते कापायचे व्यवस्थित, पण प्रत्येक मुठीनंतर विजार झटकायचे. खंडूची आई कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी तिने आमच्याकडून विळे काढून घेतले आणि आम्हाला पेंढ्या वाहायला लावलं, ते मात्र आम्हाला जमलं.

खंडू त्या दिवशी वेगळाच दिसला. शाळेत तो अंग चोरून चालायचा. इथे वाकला की त्याची ओळ सरळ पुढे सरकत जायची, आणि मधूनच तो आम्हाला ओरडून सांगायचा, "बांधावरनं चला, बांधावरनं." दारात खाटेवर पाय लांब करून मारुती बसला होता. तो सगळ्यांना मोठ्याने सूचना देत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. दुपारी आंब्याखाली भाकरी, वरण्याची उसळ आणि मिरचीचा ठेचा. ठेच्याने आमच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. एक पाच-सहा वर्षांची पोरगी, खंडूची बहीण सुंदरी, आमची तोंडं बघत आईच्या पाठीमागून हसत होती.

संध्याकाळी मोठं खाचर निघालं होतं. निघताना आई दामलेसरांना म्हणाली, "मास्तर, लई उपकार झालं. ऱ्हायलेलं मी बगते. पोरांना परत नका आनू." सर हो म्हणाले, आणि तेव्हा ते हसले असं माझं आजही म्हणणं आहे, पण बाकीच्यांना ते पटत नाही. नावेत चढायची वेळ झाली तेव्हा मला धास्ती होती, की खंडू आता मागे राहील. तो आमच्या सगळ्यांच्या आधी नावेत जाऊन बसला होता आणि बाकीच्यांना हात देऊन आत घेत होता.

वार्षिक परीक्षेत खंडू इंग्रजीत काठावर पास झाला. पुढच्या वर्षी बऱ्यापैकी, आणि नंतर काळजीचं कारण उरलं नाही. तो अकरावीपर्यंत शाळेत होता. दरवर्षी जूनमध्ये नवी मुलं आली की रेक्टर त्यातल्या सर्वांत रडक्या मुलाची खाट खंडूच्या शेजारी टाकायचे. मॅट्रिकनंतर मी पुण्याच्या कॉलेजात गेलो, तो शेतकी कॉलेजात. सुरुवातीला भेटी व्हायच्या, मग दोघांच्याही मागे आपापले व्याप लागले.

त्याला शेवटचं पाहिलं ते कॉलेजच्या पहिल्याच वर्षानंतर, पौडच्या एसटी स्टँडवर. मी शाळेत दामलेसरांना भेटून परतत होतो. खंडू एका मुलीबरोबर उभा होता. दोन वेण्या, नवं परकर-पोलकं, हातात पत्र्याची लहान पेटी. सुंदरी. पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेची परीक्षा ती पास झाली होती आणि खंडू तिला पोचवायला निघाला होता. मला बघून त्याला फार आनंद झाला, पण बोलायला त्याला फुरसत नव्हती. तो तिला सारखं काही ना काही सांगत होता. वेणी घट्ट घाल, पेटीला कुलूप लावत जा, कुणी हसलं तर हसू दे, बाईंनी विचारलं तर मोठ्यानं बोल.

"दादा, किती बोलशील?" ती म्हणाली. "परीक्षा मी दिलीय."

गाडी आली. बरीच गर्दी होती. मी मागच्या बाकावर जागा पकडली, ते दोघं पुढे दाराजवळ उभे राहिले. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला.

"पुणे. एक फुल, एक हाफ," खंडू म्हणाला.

"हाफ नगं," सुंदरीने त्याच्या हातातले पैसे धरले आणि कंडक्टरकडे वर बघत म्हणाली, "मला बारा पुरी झालीत. दोन फुल द्या."

कंडक्टरने खंडूकडे पाहिलं. खंडूने खिशात पुन्हा हात घातला.